नाहीतर धाकटी

आमच्या लाँड्रीत शनिवारचा दुपारचा चहा कुणी निवांत प्यायल्याचं मला आठवत नाही. चहा हातात आला की वहिनी मळक्या कपड्यांची एखादी रिकामी टोपली उलटी करत, तिच्यावर चढत आणि पुढच्या आठवड्याची कामं वाटत. हातात कागद नाही, पेन नाही. "कंबर, बांधणीला. श्वास, वेचणीला. शाळा, घडीच्या टेबलावर. दुपारी तू निघालीस की तुझ्या जागी चष्मा." असं एका दमात सगळं सांगून त्या खाली उतरत आणि गार झालेला चहा एका घोटात संपवत. त्यावर कुणी काही बोलत नसे.

ही अर्थातच खरी नावं नव्हेत. आमची लाँड्री इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुते आणि तिथल्या बायका त्यांच्या तक्रारींवरूनच ओळखल्या जातात. जिची कंबर धरते ती कंबर, वाफेनं जिला धाप लागते ती श्वास, जिला मुलाला शाळेतून आणायला जावं लागतं ती शाळा आणि जिला जवळचं दिसत नाही ती चष्मा. कंबर तर अशी, की तिच्या कमरेची हकिकत ऐकून घेतल्याशिवाय मला व्हॅनमध्ये गाठोडी भरू देत नाही. व्हॅन मी चालवतो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको आणि धुलाईची सुपरवायझर. त्यामुळे घरी आणि कामावर मला एकाच माणसाचं ऐकावं लागतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. असती तरी ऐकणार कोण?

वहिनींची धाकटी बहीणही तिथंच कामाला होती. तिला सगळे धाकटी म्हणत. तिची कसलीच तक्रार नव्हती, म्हणून तिला दुसरं नाव पडलं नाही.

वाटपातली खरी मेख होती ती रोलरची. हा एक लांबलचक, तापलेला, फिरता लोखंडी दंडगोल. ओली चादर एका बाजूनं आत जाते आणि कडक इस्त्री होऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर येते. त्याच्या तोंडाशी एका बाईनं उभं राहायचं, चादरीची कड हातांनी ताणून सरळ करायची आणि रोलरच्या खाली सरकवायची. तोंडावर वाफ, हाताला चटका आणि दिवसभर बसायचं नाव नाही. रोलरऐवजी लाँड्रीतले सगळे संडास घासायला तयार असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

"रोलर सगळ्यांच्या वाट्याला येतो," असं वहिनी मालकांना सांगत. "माझ्या वाटपावर आजवर कुणी ब्र काढलेला नाही."

ते खरंच होतं. हे सांगताना त्यांची मान जराशी ताठ होई आणि मला त्यांच्यासाठी बरं वाटे. एरवी मिरवण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. माझा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो आणि घरी आला की एखाद्या घड्याळाइतकंच बोलतो. पोरंबाळं नाहीत. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकटीला वहिनींनीच वाढवलं, लग्न लावून दिलं आणि पुढं तिचा नवरा गेला तेव्हा लाँड्रीत चिकटवलंही त्यांनीच. बाकी जो काही मान होता, तो त्या उलट्या टोपलीवर उभं राहिल्यावरचा.

मग मालकांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. मालकांना नव्या वस्तूंची हौस फार आणि त्या वापरायचा कंटाळा त्याहून फार. एका कंपनीचा चकचकीत बुटांचा माणूस येऊन त्यांना काहीतरी दाखवून गेला आणि दुसऱ्या दिवशी मालकांनी वहिनींना ऑफिसात बोलावलं. कसल्याशा पावत्यांवर सह्या घ्यायला मीही तिथं उभा होतो.

"पुढच्या हंगामापासून कामाचं वाटप कॉम्प्युटर करील," मालक म्हणाले. "तुमच्या डोक्याला तेवढाच आराम."

"मला नकोय आराम," वहिनी म्हणाल्या. "त्या कंपनीवाल्याला काय माहीत, श्वासला वाफेत उभं केलं तर काय होतं ते?"

"अहो, पण सगळं तुमच्या डोक्यात. उद्या तुम्ही आजारी पडलात तर आम्ही काय तुमच्या उशाशी येऊन विचारायचं?"

"मग माझ्या डोक्यातलं मी घालते कॉम्प्युटरात."

मालक हसले. हसणं थांबल्यावर वहिनी अजून तिथंच उभ्या आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. "बरं, घाला," ते म्हणाले. "जमलं तर तुमचंच वापरू, वाटप तुमच्याकडेच राहील. पण एक सांगून ठेवतो. एक जरी बाई तक्रार घेऊन माझ्याकडे आली, तर कंपनीचं आणणार. मग मला काही सांगायचं नाही."

वहिनींनी तेही मान्य केलं. तक्रार येईल असं त्यांना वाटायचं काही कारणच नव्हतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी मोठ्या माणसांसाठी प्रोग्रॅमिंगचा वर्ग भरत असे. व्हॅन माझ्याकडे असल्यानं वहिनींना न्यायची-आणायची जबाबदारी माझ्यावर आली आणि खाली उभं राहून करायचं काय, म्हणून मी मागच्या बाकावर बसू लागलो. वर्गात एक निवृत्त पोस्टमन होता, दोन गृहिणी होत्या आणि एक गृहस्थ बायकोनं घराबाहेर काढल्यामुळे आलेले होते. तसं त्यांनीच सांगितलं. शिकवणारी मुलगी आमच्या निम्म्या वयाची. तिला सगळे मॅडम म्हणत आणि ते ऐकून ती दर वेळी थोडी बावरे. पण शिकवण्यात पक्की होती.

पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "आज मी मशीन आहे. तुम्ही मला हात धुवायला सांगा. मी फक्त सांगितलं तेवढंच करणार."

वहिनी आयुष्यभर बायकांना कामं सांगत आलेल्या. त्या लगेच पुढं झाल्या. "बेसिनपाशी जा. नळ सोडा. हात ओले करा. साबण लावा. हात चोळा. पाण्याखाली धरा. झालं. या परत."

मॅडम परत येऊन उभी राहिली. नळ तसाच वाहत होता.

"अहो, नळ बंद करा की!" वहिनी ओरडल्या.

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"ते काय सांगायला हवं?"

"मशीनला सांगायला हवं," मॅडम म्हणाली. "तुमच्या मनात काय होतं ते त्याला दिसत नाही. तुम्ही जे सांगितलं तेवढंच दिसतं."

वहिनी स्वतः जाऊन नळ बंद करून आल्या आणि येताना पुटपुटल्या की असली बाई लाँड्रीत एक दिवस टिकली नसती.

पुढं बरेच रविवार त्यांची आणि मशीनची जुंपलेली असे. एखादं चिन्ह राहिलं की पडद्यावर लाल ओळ येई. वहिनींना तो अपमान वाटे. "हे माझ्यावर का ओरडतंय?" असं त्या विचारत. मॅडम सांगे, की ओरडत नाही, कुठं अडलं ते दाखवतंय. "मग नीट सांगायला काय होतं?" असं म्हणत वहिनी चष्मा पुसत आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचत. पण त्या मागं हटल्या नाहीत, हे मी कबूल करतो. बाकीच्यांनी पडद्यावर स्वतःची नावं उमटवली, तेव्हा वहिनींनी 'कामाला लागा' अशी अक्षरं आणली आणि ती दहा वेळा आणायची कशी हे कळल्यावर पुढच्या दहा ओळी आम्हाला तेच वाचावं लागलं. निवृत्त पोस्टमन घाबरून खरंच कामाला लागला.

मला त्यातलं फार कळलं असं नाही. एवढं कळलं, की एखादी गोष्ट लक्षात ठेवायची असली की तिला नाव देऊन एका डबीत ठेवायची. तेच ते काम पुन्हा पुन्हा करायचं असलं तर त्याचा एक फेरा लावायचा. आणि निवड करायची असली तर जर-तर लिहायचं. जर असं असेल तर हे करा. नाहीतर ते करा. वहिनींना हे जर-तर फारच आवडलं. "आपण दुसरं काय करतो?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी लाँड्री लिहायला घेतली. प्रत्येक बाईची एक डबी केली आणि तिच्यात त्या त्या बाईची अडचण ठेवली. मळक्या चादरींची वेचणी, धुण्याचं मशीन, रोलर, घडी, गाठोड्यांची बांधणी अशी कामं एकाखाली एक मांडली. दर कामाशी येऊन मशीननं एकेका बाईची अडचण तपासायची, मागच्या आठवड्यात तिनं तेच केलं होतं का ते पाहायचं आणि जिला जमेल तिला ते काम द्यायचं. मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसली होती. रोलरची वेळ आली.

"कंबरला चालणार नाही, दिवसभर उभं राहायचं असतं," वहिनी बोलत बोलत टाइप करत होत्या. "श्वासला वाफ चालत नाही. शाळा दुपारी जाते, रोलर मध्येच सोडता येत नाही. चष्माला कड दिसत नाही, बोटं घालून घेईल आत."

"मग कुणीच बसत नाही तिथं," मॅडम म्हणाली. "अशानं मशीन अडकेल. शेवटी एक 'नाहीतर' लागणार. या सगळ्या नाहीत, तर कोण?"

वहिनींनी मान वरही केली नाही. "नाहीतर धाकटी," त्या म्हणाल्या आणि तसं टाइप केलं.

"त्यांना चालेल?"

"तिला सगळं चालतं."

चाचणी लाँड्रीतच झाली. शनिवारी चहाच्या वेळी मालकांनी वरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर खाली टेबलावर आणवला आणि सगळ्या बायका कप हातात घेऊन भोवती जमल्या. वहिनींनी बटण दाबलं. पुढच्या आठवड्याचं वाटप पडद्यावर आलं आणि ते वहिनी टोपलीवरून बोलल्या असत्या हुबेहूब तसं होतं. कंबर बांधणीला, श्वास वेचणीला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांच्या तर अंगात आलं. "एकाच आठवड्याचं काय," ते म्हणाले, "अख्ख्या हंगामाचं काढा, बघू."

प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर येऊ लागले. वहिनी ते वाचत उभ्या राहिल्या. वेचणीची नावं बदलत होती, घडीची बदलत होती, बांधणीची बदलत होती. रोलरसमोर वरपासून खालपर्यंत धाकटी, धाकटी, धाकटी.

"हे चुकलंय," वहिनी म्हणाल्या.

"चुकलंय कुठं?" मालक म्हणाले. "मला तर अगदी तुमच्यासारखंच वाटतंय."

"रोलर पाळीनं असतो. सगळ्यांच्या वाट्याला येतो."

कंबरनं कागदात डोकावून पाहिलं. "बरोबरच आहे की बाई. रोलरला दुसरं कोण असतं?"

"तू होतीस की. मागे."

"मी? त्याला जमाना झाला! माझी कंबर धरायच्या आधी."

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली आणि चहाचे रिकामे कप गोळा करायला लागली. वहिनींनी कागद घडी करून पदराआड धरले आणि मालकांना म्हणाल्या, की यात एक चूक राहिली आहे, ती काढून मग देते. मालक चालेल म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं काम झालेलंच होतं.

तो सगळा आठवडा जेवणाच्या सुट्टीत वहिनी ऑफिसात बसून चूक शोधत होत्या. एकेक चिन्ह तपासलं. बायकांच्या नावांचा क्रम बदलून पाहिला. धाकटीला सगळ्यांच्या खाली टाकून पाहिलं, मग सगळ्यांच्या वर. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. माझ्याकडूनही तपासून घेतलं, यावरून त्या किती टेकीला आल्या होत्या ते कळेल. दर वेळी रोलरसमोर धाकटीच येई. "यालाही कळलंय, ती बोलत नाही म्हणून," असं एकदा त्या चिडून म्हणाल्या.

रविवारी त्यांनी ते मॅडमपुढं ठेवलं. मॅडमनं वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "मी सांगत नाही. तुम्ही मशीन व्हा. मोठ्यानं वाचा आणि जसं लिहिलंय तसं करा. मनातलं काही घालायचं नाही."

वहिनी वाचू लागल्या. आवाज टोपलीवरचाच होता, खणखणीत. "काम रोलर. कंबर आहे का? आहे. अडचण? उभं राहणं. मग नाही. श्वास? वाफ. मग नाही. शाळा? दुपार. मग नाही. चष्मा? दिसत नाही. मग नाही. नाहीतर..."

तिथं त्या थांबल्या.

"वाचा," मॅडम म्हणाली.

वहिनींनी वाचलं नाही. पुढच्या आठवड्यासाठी त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली, या वेळी मनातल्या मनात, ओठ हलवत. मग त्याच्या पुढच्या. कुणाचीच अडचण एका आठवड्यानं जाणार नव्हती, त्यामुळे दर वेळी त्या त्याच ओळीवर येऊन उभ्या राहत होत्या. मॅडमला यातलं काय ठाऊक असणार? ती सहज म्हणाली, "चूक नाहीये यात. तुम्ही जे सांगितलंत तेच ते करतंय." आणि पोस्टमनची लाल ओळ बघायला निघून गेली.

 परत येताना सिग्नलला व्हॅन थांबली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"रोलरला कायम तीच असते ते."

"सगळ्यांनाच माहीत होतं वहिनी."

"मग बोलला का नाहीत?"

"आम्हाला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न वाजवून माझा उद्धार केला तेव्हा मी गाडी हलवली.

मग त्या आपणहून बोलायला लागल्या. धाकटी कामाला लागली तेव्हा कुजबुज झाली होती, की सुपरवायझरची बहीण आली, आता तिला सावलीतलं काम मिळणार. वहिनींच्या ते कानावर आलं आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात धाकटीला रोलरवर उभं केलं. कुजबुज थांबली. बायका म्हणाल्या, बाई आपलं-परकं करत नाहीत. "मला फार बरं वाटलं होतं तेव्हा," वहिनी म्हणाल्या. "पुढं बदलणार होते मी. पाळी लावणार होते. आणि माझ्या मनात ती लागलेलीच होती हो. मी खोटं नव्हते बोलत मालकांशी." असं म्हणून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. मी रस्त्याकडे नीट लक्ष दिलं.

धाकटीच्या घरापाशी त्यांनी व्हॅन थांबवायला लावली. एका खोलीचं घर. धाकटी भांडी घासत होती. आम्हाला बघून हात पुसत उठली आणि चहा टाकायला निघाली. वहिनींनी तिला बसवलं.

"तुझी अडचण सांग," त्या म्हणाल्या.

"कसली अडचण?"

"कसलीही. प्रत्येकीची लिहिली आहे. तुझी डबी रिकामी आहे."

"मग राहू दे की रिकामी."

"रिकामी नाही ठेवता येत. सांग काहीतरी. पाय दुखतात? डोकं?"

धाकटीनं खरोखर थोडा विचार केला. मग हसली. "काही नाही ग ताई. शून्य लिही. शून्य चालतं ना?"

"आता रोलर पाळीनं लावणार आहे. सगळ्यांना. मीही उभी राहणार."

"कशाला?" धाकटी घाबरलीच. "कंबर मालकांकडे जाईल. तुझं वाटप जाईल. मला काही त्रास नाही तिथं, खरंच नाही."

वहिनी उठल्याच. चहा न घेता आम्ही निघालो. शेवटची ती ओळ त्यांनी त्याच दिवशी काढून टाकली आणि तिच्या जागी फेरा लावला: अर्धा अर्धा दिवस, एकीनंतर एक, सुपरवायझर धरून. पण आपलं वाटप जाईल ही भीती त्यांना होतीच. जेवताना त्या माझ्या भावाला दोनदा म्हणाल्या, की कंबरला उंच स्टूल दिलं आणि श्वासच्या मागं पंखा लावला तर कुणाचं काही म्हणणं राहणार नाही. भाऊ हो म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे भाषणच झालं.

शनिवारी टोपलीवर उभं राहून त्यांनी नवं वाटप सांगितलं. सोमवारी सकाळी रोलरला कंबर, दुपारी स्वतः वहिनी. धाकटी घडीच्या टेबलावर.

सगळीकडं शांतता पसरली. ती नेहमीची नव्हती.

"आणि माझी कंबर?" कंबरनं विचारलं.

"तुला उंच स्टूल देते. अर्धाच दिवस आहे."

"डॉक्टरांनी मला वाकू नको म्हणून सांगितलंय." कंबर इतरांकडे वळली. "घेतली ना बाईंनी शेवटी बहिणीची बाजू!"

हे एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून वहिनींनी इतकी वर्षं काढली होती.  टोपलीवरून उतरल्या तेव्हा त्यांचा तोल जरा गेला आणि त्यांनी माझा खांदा धरला. कंबरनं जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की सोमवारी मालक आले की ती वर जाणार.

सोमवारी ती खरंच गेली. सकाळभर स्टुलावर बसून तिनं रोलर चालवला, तोही बरा चालवला, आणि मालकांची गाडी आत येताना दिसली तशी चादर अर्धी सोडून जिना चढली. वहिनींनी ते पाहिलं. त्यांनी केस सारखे केले, प्रिंट काढलेले कागद हातात घेतले आणि जिन्याकडे निघाल्या. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलेलं असावं. त्या गेल्या असत्या तर मालकांना पटवलंही असतं असं मला आजही वाटतं. त्यांना बोलून जिंकणं सोपं नाही.

पण घडीच्या टेबलावरून हाक आली. "बाई, हिच्या हातातून सारखी सुटतेय."

चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोन्ही टोकं दोघींनी धरायची, ताणायची, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा. धाकटीच्या समोर नवीन आलेली एक मुलगी होती आणि दोघींच्या मध्ये चादरी जमिनीवर पडलेल्या होत्या. धुतलेल्या चादरी जमिनीवर पडणं आमच्याकडे मोठा गुन्हा. वहिनी चिडूनच तिकडं गेल्या. मी गाठोडी उचलत होतो, तो थांबलो.

"काय ग, लक्ष कुठं आहे?"

धाकटीनं खाली पडलेली चादर उचलली. कड चिमटीत धरली आणि ताणली तशी ती पुन्हा निसटली. तिनं बोटांकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"ताई, मला तिकडंच घाल," ती हळूच म्हणाली. "इथं बोटांना कड सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे?"

"लागतच नाही हाताला. धरलीय की सुटलीय, बघितल्याशिवाय कळत नाही." तिनं दोन्ही हातांची बोटं पुढं केली. टोकं गुळगुळीत झाली होती, जुन्या साबणाच्या वडीसारखी. "रोलरवर कड डोळ्यांसमोर असते, बरं पडतं. तिथं चटकाही कळत नाही मला आता. म्हणून म्हणत होते, त्रास नाही."

"कधीपासून?"

"नाही आठवत."

"मला का नाही सांगितलंस?"

धाकटीनं याचाही खरोखर विचार केला. "तू विचारलंस तेव्हा मला अडचण अशी वाटलीच नाही," ती म्हणाली.

वरून मालकांचा आवाज आला. सुपरवायझरबाईंना पाठवा म्हणत होते. मग जिन्यावर पावलं वाजली आणि मालक स्वतःच खाली आले. कंबर त्यांच्या मागं होती, आणि कंपनीच्या त्या माणसाचं कार्डही मालकांच्या हातात होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "मालक आलेत."

"येऊ देत," त्या म्हणाल्या. हातातले कागद त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले आणि नवीन मुलीला बाजूला केलं. चादरीची दोन टोकं उचलून त्यांनी धाकटीच्या हातात दिली, तिची बोटं आपल्या बोटांनी त्यांच्यावर दाबून बसवली आणि म्हणाल्या, "धरलीस? बघ, धरली आहेस." मग पलीकडच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि चादर ताणली. मालक येऊन शेजारी थांबले होते. ती घडी पुरी होईपर्यंत वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि ती झाल्यावर दुसरी चादर घेतली.